प्रकाश किती वाकतो?

(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात अंजनवेल मुक्कामी दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात एक तरी व्याख्यान ज्ञानविषयक असावे, ही आपल्या मंडळाची प्रथा स्तुत्य आहे. आजवर या व्यासपीठावरून कुलदैवते, कुलवृत्तांत आणि विद्यार्थी-साहाय्य निधी यांविषयी पुष्कळ उद्बोधक विचार ऐकावयास मिळाले. यंदा आम्हांस आज्ञा झाली ती शास्त्रीय विषयावर बोलण्याची. आम्ही विषय निवडला तो कृष्णविवरांचा. आणि त्यातही एका नेमक्या प्रश्नाचा. तो प्रश्न असा : कृष्णविवराजवळून जाणारा प्रकाश किती वाकतो, आणि तो आइन्स्टाइन यांच्या हिशेबाइतकाच वाकतो की कमीअधिक?

अंजनवेलीस येऊन कृष्णविवराची कथा सांगणे म्हणजे समुद्राकाठी हिमालयाचे वर्णन करण्यासारखे आहे, असे कोणास वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या गावाने वाशिष्ठीच्या मुखावर गोपाळगडासारखा पहारा शतकानुशतके पाहिला, ज्याच्या टाळकेश्वराच्या टोकावरून दीपगृह रोज रात्री दर्यावर्दींना वाट दाखविते, त्या गावच्या माणसांस प्रकाशाची भाषा शिकवावी लागत नाही. दूरचा दिवा दिसला म्हणजे तो कोठे आहे, आपण कोठे आहोत आणि मधे काय आहे, हे तिन्ही ताडण्याची विद्या येथील खलाशांनी पिढ्यानपिढ्या जोपासली आहे. ज्योतिर्विद काही निराळे करीत नाहीत. त्यांचे दीपगृह अधिक दूर आहे, एवढेच.

प्रथम एक नेहमीचे दृश्य घेऊ. गडाच्या तटावरून आपण सूर्यास्त पाहतो. सूर्यबिंबाची खालची कड पाण्यास टेकली असे आपणांस दिसते. वस्तुतः त्या क्षणी सबंध सूर्यबिंब क्षितिजाखाली गेलेले असते! हवेच्या थरांतून येताना किरण वाकतात, आणि जो सूर्य दिसावयास नको तो क्षणभर दिसत राहतो. हे वाकणे सुमारे अर्ध्या अंशाचे, म्हणजे सूर्यबिंबाच्या रुंदीहून किंचित अधिक असते. तात्पर्य, प्रकाश नेहमी सरळ रेषेत चालतो हा आपला समज रोज सायंकाळी आपल्याच किनाऱ्यावर खोटा ठरत असतो.

हवेने वाकविलेला प्रकाश आणि गुरुत्वाकर्षणाने वाकविलेला प्रकाश यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. हवा निळ्या किरणास थोडे अधिक व तांबड्यास थोडे कमी वाकविते. गुरुत्वाकर्षण असा पंक्तिभेद करीत नाही. तांबडा असो, निळा असो, किंवा डोळ्यांस न दिसणारी रेडिओलहरी असो, सर्वांस ते सारखेच वाकविते. या एका लक्षणावरून शास्त्रज्ञ दोहोंतील फरक ओळखतात.

गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकेल ही कल्पना आइन्स्टाइन यांच्याही पूर्वीची आहे. इंग्लंडमधील जॉन मिचेल यांनी १७८३ मध्ये, आणि फ्रान्समधील लाप्लास यांनी १७९६ मध्ये, ज्यातून प्रकाशही निसटू शकणार नाही अशा ‘काळ्या ताऱ्यां’ची कल्पना मांडली होती. पुढे १८०१ मध्ये जर्मनीतील सोल्डनर यांनी न्यूटनच्या नियमानुसार हिशेब केला आणि सूर्याच्या कडेला घासून जाणारा किरण ०·८४ विकला वाकेल असे उत्तर काढले. एका अंशाच्या ३,६०० भागांपैकी एक भाग म्हणजे एक विकला. आइन्स्टाइन यांनीही १९११ मध्ये जवळजवळ तेवढेच उत्तर दिले होते. परंतु १९१५ च्या अखेरीस त्यांचा व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत पूर्ण झाला आणि उत्तर दुप्पट झाले : १·७५ विकला.

दुप्पट का? त्याचे कारण सोपे करून सांगता येईल. न्यूटनच्या मते प्रकाशकण हा फेकलेल्या दगडासारखा सूर्याकडे पडतो. त्याचे वाकणे एवढ्याचेच. आइन्स्टाइन म्हणाले, पडणे तर आहेच, पण ज्या अवकाशातून तो जातो ते अवकाशही सूर्याजवळ वक्र झालेले असते. निम्मे वाकणे पडण्याचे आणि निम्मे वक्र अवकाशाचे. म्हणून अर्धे की पूर्ण, हा नुसता आकड्याचा वाद नव्हता. अवकाश वाकते की नाही, हा विश्वरचनेचाच प्रश्न त्या आकड्यात दडलेला होता.

१·७५ विकला म्हणजे किती लहान कोन, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे तीन किलोमीटरांवर धरले तर ते जेवढे दिसेल तेवढा हा कोन. तो मोजावयाचा तर सूर्याजवळचे तारे दिसले पाहिजेत, आणि ते खग्रास ग्रहणावाचून दिसत नाहीत. आपल्या कोकणास अशा ग्रहणाचा मान २२ जानेवारी १८९८ रोजी मिळाला होता. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या, आणि १९८१ पासून सिंधुदुर्गात गेलेल्या, विजयदुर्ग किल्ल्यावर नॉर्मन लॉकियर यांच्या तुकडीने दुर्बिणी मांडल्या होत्या. सूर्याचे प्रभामंडळ आणि त्याचा वर्णपट हा त्यांचा विषय होता. ताऱ्यांचे स्थान सरकले काय, हे पाहण्याचे त्या वेळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. कारण ज्याने तो प्रश्न विचारावयाचा तो आइन्स्टाइन अवघा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. प्रश्न जन्मास येईपर्यंत निसर्गाने दिलेली संधीही डोळ्यांसमोरून निघून जाते, हे यावरून ध्यानात यावे.

पुढची संधी २९ मे १९१९ रोजी आली. एडिंग्टन हे आफ्रिकेच्या पश्चिमेकडील प्रिन्सिपे बेटावर गेले आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथे गेली. त्या काळाची परिस्थिती लक्षात घ्यावी. महायुद्ध थांबून जेमतेम सहा महिने झाले होते. इंग्लंड व जर्मनी यांतील वैर अद्याप ताजे होते. न्यूटन हे इंग्रजांचे दैवत, आणि त्यांस दुरुस्त करू पाहणारा सिद्धांत बर्लिनहून आलेला. अशा वेळी इंग्रज ज्योतिर्विदांनी स्वतःच्या राष्ट्राच्या खर्चाने मोजमाप केले आणि ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनच्या विद्वत्सभेत जाहीर केले की आकडा जर्मनीतील शास्त्रज्ञाच्या बाजूने पडला आहे. सोब्रालचा आकडा १·९८ आणि प्रिन्सिपेचा १·६१ आला. दोन्ही ०·८७ या न्यूटनच्या आकड्यापासून दूर आणि १·७५ च्या जवळ. ‘आपला’ कोण आणि ‘परका’ कोण, हे न विचारता मोजपट्टीचा निकाल मानणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

एवढा विजय मिळाल्यावर विषय संपावयास हवा होता. तो संपला नाही. याची कारणे तीन आहेत. एक, आइन्स्टाइन यांची समीकरणे कृष्णविवराच्या गाभ्यात अशा बिंदूवर जाऊन पोहोचतात की जेथे घनता अनंत होते आणि गणित बोलेनासे होते. दुसरे, अणूच्या जगाचे जे पुंजशास्त्र आहे त्याच्याशी या सिद्धांताचे अद्याप पूर्ण सख्य झालेले नाही. तिसरे, दीर्घिका ज्या वेगाने फिरतात व विश्व ज्या रीतीने प्रसरण पावते, त्याचा उलगडा करण्यासाठी न दिसणारे द्रव्य व न दिसणारी ऊर्जा मानावी लागते. काही विद्वान म्हणतात, न दिसणारे पदार्थ मानण्यापेक्षा गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा दुरुस्त करून पाहू. अशा प्रयत्नांतून नवनवे सिद्धांत जन्मास आले. त्यांपैकी अमेरिकेतील ब्रान्स व डिकी यांचा १९६१ चा सिद्धांत प्रसिद्ध आहे. त्यांनी वक्र अवकाशाच्या जोडीला एक ‘अदिश क्षेत्र’ मानले. अदिश म्हणजे ज्यास दिशा नाही, केवळ प्रत्येक ठिकाणी एक आकडा आहे असे. जसे या मांडवात प्रत्येक जागी काही एक तापमान आहे, तसे.

या सिद्धांतानुसार सूर्याजवळ प्रकाश १·७५ विकलांहून किंचित कमी वाकावयास हवा. म्हणजे कसोटी तीच, केवळ अधिक बारीक. ती कसोटी शनीकडे निघालेल्या कासिनी यानाच्या रेडिओसंदेशांवर लावली गेली. सूर्याजवळून जाताना त्या संदेशांवर काय परिणाम झाला हे मोजून २००३ मध्ये इटालियन शास्त्रज्ञांनी दाखविले की आइन्स्टाइन यांच्या आकड्यात फरक असलाच तर तो लाखात दोन-चार भागांहून अधिक नाही. ब्रान्स-डिकी सिद्धांत त्यामुळे नाहीसा झाला नाही, पण त्याला फार चिंचोळ्या वाटेने चालावे लागले.

मग येथेच थांबावे काय? आपल्या गावच्या अनुभवाने उत्तर देतो. दाभोळच्या खाडीत एखादे होडके उत्तम तरंगते, म्हणून ते आषाढातल्या खुल्या दर्यात टिकेलच, असे कोणी तांडेल म्हणणार नाही. सूर्याचे गुरुत्वाकर्षण हे या हिशेबात खाडीचे शांत पाणी आहे. सूर्याच्या पृष्ठभागावर अवकाशाची वक्रता मोजली तर ती दहा लाखांत दोन भाग एवढीच भरते. सिद्धांताची खरी परीक्षा खुल्या दर्यात, म्हणजे कृष्णविवराच्या काठावर व्हावयाची.

कृष्णविवर म्हणजे काय ते आता थोडक्यात सांगतो. एखादे वस्तुमान इतक्या लहान जागेत दाटून बसले की तेथून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही, त्यास कृष्णविवर म्हणतात. सूर्य दाबून तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात बसविला, किंवा पृथ्वी नऊ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीत बसविली, तर त्यांचे कृष्णविवर होईल. १९१६ मध्ये श्वार्त्झशिल्ड यांनी आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून ही त्रिज्या काढली. या सीमेस ‘घटनाक्षितिज’ म्हणतात. हे क्षितिज आपल्या समुद्राच्या क्षितिजासारखे नाही. समुद्रातील क्षितिजापलीकडे गेलेले गलबत परत येते. या क्षितिजापलीकडे गेलेले काहीही परत येत नाही.

क्षितिजाच्या दीडपट त्रिज्येवर एक विलक्षण स्थान आहे. तेथे प्रकाश कृष्णविवराभोवती वर्तुळात फिरू शकतो. दुरून येणारा किरण फार जवळ आला तर गिळला जातो. थोडा दूर राहिला तर वाकून निघून जातो. आणि या दोहोंच्या नेमक्या सीमेवर आला तर एक, दोन, तीन प्रदक्षिणा घालून मग बाहेर पडतो. देवळाभोवती भाविकाने प्रदक्षिणा घालाव्या तसे हे घडते. त्यामुळे दूरच्या एकाच ताऱ्याची अनेक चित्रे कृष्णविवराच्या कडेभोवती दाटीवाटीने उमटतात. प्रत्येक अर्ध्या प्रदक्षिणेमागे पुढचे चित्र सुमारे २३ पट बारीक होते, आणि पूर्ण प्रदक्षिणेमागे सुमारे ५३५ पट. हे आकडे न फिरणाऱ्या कृष्णविवराचे, आणि आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताचे आहेत. सिद्धांत बदला, की आकडे बदलतात. हीच ती नवी कसोटी.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू, कारण या कसोटीचे पुष्कळ काम आपल्या प्रांतात झाले आहे. गुरुत्वाकर्षणामुळे एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसल्याचे पहिले उदाहरण १९७९ मध्ये सापडले. अतिदूरच्या एका तेजस्वी क्वेसारची जुळी चित्रे सहा विकला अंतरावर दिसली. मधली दीर्घिका तेथे भिंगाचे काम करीत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कै. डॉ. शशिकुमार चित्रे व कै. डॉ. जयंत नारळीकर हे त्याच सुमारास या गुरुत्वीय भिंगांच्या अभ्यासात गढले होते. पुढे १९९८ मध्ये विरभद्र, नरसिंह व चित्रे यांनी एक प्रश्न मांडला : भिंगाचे काम करणाऱ्या वस्तूच्या ठायी वस्तुमानाबरोबर अदिश क्षेत्रही असेल तर चित्र कसे दिसेल? त्यांच्या हिशेबाने उत्तर निघाले की अदिश क्षेत्राचा वाटा थोडा असेल तर चित्र जवळजवळ नेहमीसारखेच राहील. पण तो वाटा फार मोठा असेल तर वस्तूभोवती एका प्रकाशकड्याऐवजी दोन कडी दिसतील किंवा एकही दिसणार नाही, आणि दोन तेजस्वी प्रतिमा एकाच बाजूला येतील. कागदावर मांडलेला सिद्धांत आकाशात कसा ओळखावा, याची ही खूण होती.

दुसरे उदाहरण पुण्याचे. तेथे १९८८ मध्ये नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली. त्या संस्थेतील डॉ. नरेश दधीच यांनी २००० मध्ये परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक कृष्णविवर गणिताने घडविले. आपले त्रिमितीय जग हे अधिक मितींच्या विश्वातील एखाद्या पडद्यासारखे आहे, अशी एक कल्पना त्या काळी पुढे आली होती. त्या जादा मितीतील गुरुत्वाकर्षणाचा दाब आपल्या जगातील कृष्णविवरावर पडला तर त्याच्या ठायी एक प्रकारचा ‘भार’ उत्पन्न होतो, असे त्यांनी दाखविले. हा विजेचा भार नव्हे. भरती-ओहोटीस कारण होणाऱ्या ओढीशी त्याचे नाते आहे, म्हणून त्यास ‘भरतीभार’ म्हणावे. विजेचा भार कृष्णविवराची सावली लहान करतो. हा भार ऋण असल्यास सावली मोठी होते. योग्य मापात तो वस्तुमानाच्या वर्गाइतका धरला तर सावलीची रुंदी सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. श्रोत्यांपैकी गणिताच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. वर्गसमीकरण सोडविता येणाऱ्यास तो अवघड नाही.

पण सावली मोजावयाची कशी? या प्रश्नाचे उत्तर १० एप्रिल २०१९ रोजी जगापुढे आले. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या आठ रेडिओ दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये एकाच वेळी निरीक्षण केले आणि त्यांच्या नोंदी जुळवून पृथ्वीएवढ्या दुर्बिणीचे काम साधले. आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे तीस थाळ्या एकत्र जोडून मोठी दुर्बीण केली आहे. तत्त्व तेच, पसारा मोठा आणि लहरी फार आखूड. त्यांनी साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम ८७ या दीर्घिकेच्या मध्यातील कृष्णविवराचे चित्र दिले. त्याचे वस्तुमान ६५० कोटी सूर्यांइतके आहे. तेजाचे एक कडे आणि आत काळोख, असे ते चित्र आपणांपैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रांत पाहिले असेल. त्या कड्याची रुंदी ४२ सूक्ष्मविकला, म्हणजे विकलेच्या दहा लाख भागांपैकी ४२ भाग भरली. चंद्रावर ठेवलेला हापूस आंबा आपल्या अंगणातून जेवढा दिसेल, तेवढी ती रुंदी!

या चित्रावरून सिद्धांताची परीक्षा करण्यात एक अडचण होती. सावली किती मोठी असावी हे कृष्णविवराच्या वस्तुमानावर अवलंबून असते. आणि एम ८७ चे वस्तुमान ताऱ्यांच्या गतीवरून व वायूच्या गतीवरून काढले असता दोन वेगळी उत्तरे येत, एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. वजनच नक्की नाही, तर मापाची चूक कशी धरावी? आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरील कृष्णविवराबाबत ही अडचण नव्हती. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा अनेक वर्षे मोजल्या गेल्या होत्या. त्यांतील एक तारा सोळा वर्षांत फेरी पुरी करतो. त्या कामाबद्दल गेन्झेल व अँड्रिया गेझ यांस २०२० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. वस्तुमान सुमारे चाळीस लाख सूर्यांचे, अंतर सुमारे सत्तावीस हजार प्रकाशवर्षे. यावरून सावली सुमारे ५० सूक्ष्मविकला असावी, असे आइन्स्टाइन यांचे गणित आगाऊच सांगत होते. १२ मे २०२२ रोजी चित्र प्रसिद्ध झाले. कडे सुमारे ५२ सूक्ष्मविकलांचे, आणि त्यावरून काढलेली सावली भाकिताशी साधारण दहा टक्क्यांच्या आत जुळणारी निघाली.

म्हणजे काय सिद्ध झाले, आणि काय झाले नाही? सावली १४ टक्क्यांनी फुगविणारा मोठा भरतीभार या मापाशी जुळविणे कठीण आहे. लहान भारास मात्र अद्याप वाव आहे. तसेच, केवळ काळी सावली दिसली एवढ्यावरून तेथे घटनाक्षितिज आहेच, असेही म्हणता येत नाही. पूर्वी टाटा संस्थेत असलेले डॉ. पंकज जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले आहे की ज्यास क्षितिज नाही अशा ‘अनावृत’ वस्तूंपैकी काहींची सावलीही तशीच दिसू शकते. आणखी एक बारकावा आहे. हॉकिंग यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले की ब्रान्स-डिकी सिद्धांतातील स्थिर झालेले कृष्णविवर आइन्स्टाइन यांच्या कृष्णविवराहून वेगळे नसतेच. म्हणजे हा सिद्धांत सूर्याजवळ वेगळा दिसतो आणि कृष्णविवराजवळ वेगळा दिसत नाही! ज्याची परीक्षा जेथे होते तेथेच ती घ्यावी लागते. म्हणून शास्त्रज्ञ एकाच कसोटीवर विसंबत नाहीत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीपासून निघालेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण तेरा कोटी वर्षे प्रवास करून केवळ १·७ सेकंदांच्या अंतराने पोहोचले, आणि गुरुत्वलहरींचा वेग प्रकाशाहून निराळा मानणारे कितीतरी सिद्धांत त्या एका दिवसात मागे पडले. अशा लहरी टिपणारे केंद्र हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय.

अभिमान हा शब्द आला, म्हणून आता मूळ मुद्द्याकडे येतो.

१९६४ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेला तरुण आइन्स्टाइन यांच्यापुढे पाऊल टाकतो, या वार्तेने महाराष्ट्र हर्षभरित झाला. १९६५ मध्ये त्यांस पद्मभूषण मिळाले आणि ते भारतात आले तेव्हा त्यांच्या व्याख्यानांना लोटलेली गर्दी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. तो हर्ष योग्यच होता. पण त्या सिद्धांताचे शास्त्रीय भवितव्य त्या गर्दीने ठरविले नाही. वस्तूचे जडत्व हे विश्वातील इतर सर्व वस्तूंमुळे असते, असे त्या सिद्धांताचे म्हणणे. सूर्याजवळ प्रकाशाचे वाकणे त्यात आइन्स्टाइन यांच्याइतकेच येते. तेव्हा ग्रहणाने त्याचा निवाडा होणे शक्य नव्हते. निवाडा विश्वाच्या एकंदर रचनेवर व्हावयाचा होता. तेथे तरुण हॉकिंग यांनी गणिताचा आक्षेप घेतला. आणि १९६५ मध्ये विश्वाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्यामुळे हॉइल यांच्या स्थिरस्थिती विश्वाच्या कल्पनेस मोठा धक्का बसला. बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूस गेले.

नारळीकरांनी आपले मत सोडले नाही. १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह त्याचे सुधारलेले रूप त्यांनी मांडले. पण आमच्या दृष्टीने त्यांचे खरे मोठेपण पुढेच आहे. ज्या संस्थेचे ते संस्थापक-संचालक होते, तेथे त्यांच्या मताच्या नेमके विरुद्ध काम करणाऱ्यांस त्यांनी जागा दिली, दुर्बिणी दिल्या, विद्यार्थी दिले. माझे मत खोडावयाचे असेल तर येथेच बसून खोडा, असे म्हणण्याजोगे हे वर्तन होते. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. त्यांस श्रद्धांजली वाहावयाची तर ‘आपला मराठी माणूस’ म्हणून त्यांचा सिद्धांत खरा मानून नव्हे. त्यांनी स्वतःस जी कसोटी लावून घेतली, ती आपण स्वतःस लावून घेण्याने ती वाहिली जाईल.

ज्ञातिबंधूंनो, हे आम्ही येथे का सांगतो? आपले मंडळ ज्ञातीचे आहे. ज्ञातीतील कोणी परीक्षेत उत्तीर्ण झाला, अधिकारी झाला, परदेशी गेला, की आपण शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करतो. त्यात वावगे काही नाही. जिव्हाळ्यावाचून मंडळ चालत नाही. परंतु जिव्हाळ्याचा एक धोका असतो. ‘आपला’ म्हणाला ते खरे, ‘परका’ म्हणाला ते खोटे, अशी सवय नकळत जडते. मग कोणी म्हणतो, कृष्णविवरे आपल्या पूर्वजांस ठाऊकच होती; आणि आपण टाळ्या वाजवितो. पूर्वजांचा मान राखण्याचा तो मार्ग नव्हे. ज्या खलाशाने दिवा दिसताच तो आपल्या गावचा आहे असे मनाशी ठरवून सुकाणू वळविले, त्याचे तारू खडकावर गेले. ज्याने दिव्याची उघडझाप मोजली तो घरी पोहोचला. आपले पूर्वज मोजणारे होते, म्हणून आपण आज येथे बसलो आहोत.

प्रकाशाच्या किरणास आडनाव नसते. तो कृष्णविवराजवळून जाताना आपणांस मोजणारा बर्लिनचा की पुण्याचा, या ज्ञातीचा की त्या, हे विचारीत नाही. १९१९ मध्ये इंग्रजांनी हे मान्य केले. आयुकात आपल्या लोकांनी मान्य केले. आपल्या घरांतील मुलामुलींनी हे लहानपणीच शिकावे, अशी आमची इच्छा आहे. ‘मुलामुलींनी’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. नोबेल मिळविणाऱ्या गेझबाईंचे नाव वर आलेच आहे. आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत शास्त्रशाखेकडे जाणाऱ्या कन्यांची नावे वाढावीत.

जाता जाता मंडळापुढे दोन लहानशा सूचना ठेवतो. एक, दरसाल २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त खोडद येथील दुर्बीण पाहण्यास जनतेस प्रवेश असतो. मंडळाने आपल्या विद्यार्थ्यांची एक सहल तेथे न्यावी आणि वाटखर्च निधीतून द्यावा. दुसरी, सत्काराबरोबर शालीऐवजी पुस्तक द्यावे. नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ हे मराठीत आहे आणि ते घरातील सर्वांस वाचता येण्याजोगे आहे.

प्रकाश किती वाकतो, या प्रश्नाचे आजचे उत्तर असे आहे : सूर्याजवळ आइन्स्टाइन म्हणाले तितका, लाखात दोन-चार भागांपर्यंत, कृष्णविवराजवळ साधारण दहा टक्क्यांपर्यंत तितकाच. त्या दहा टक्क्यांत नवा सिद्धांत दडला असेल किंवा नसेल. तो शोधण्याचे काम पुढच्या पिढीचे आहे. ती पिढी आज या मांडवात मागच्या सतरंजीवर बसलेली आम्हांस दिसते आहे. तिच्या हाती आपण अभिमान द्यावाच, पण त्याबरोबर मोजपट्टीही द्यावी, एवढी विनंती.